आवाज कुणाच्या बापाचा?

(युवकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला इथं कवी म्हणून बोलावलंय. पण आज मी कविता वाचणार नाही. फळ्यावर विषय लिहिलाय, 'जुन्या सिंथेसायझरचे सॅम्पल आणि आपली गाणी'. मघाशी चहा पिताना एकजण म्हणाला, तू गोदीत माल ओढणारा, शिक्षण दहावी, तू यात काय बोलणार? मी म्हटलं, दोस्ता, ज्या पेट्यांतून ही यंत्रं येतात त्या पेट्या आम्हीच उचलतो. आत काय आहे ते विचारायची सोय नसते, एवढंच. या वेळी पेटी उघडून आत बघितलं. जे बघितलं ते सांगतो.

हे भाषण शिकवणीचं नाही. माझ्या हातून एक काम अर्धं बरोबर झालं आणि अर्धं चुकलं. ते दोन्ही तुमच्यापुढं ठेवायचं आहे. चुकलेल्या अर्ध्यासाठीच मी इथं उभा आहे.

आमच्या चाळीत अण्णा राहतात. सत्तरी ओलांडलीय. तरुणपणी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. पुढं ऑर्केस्ट्रे बसले, तेव्हा वराती, गणपती, जयंती, बँजो पार्टी, मिळेल त्या सुपारीवर वाजवलं. त्यांच्याकडं रोलँड कंपनीचा ज्युनो-१०६ होता. हे यंत्र १९८४ साली बाजारात आलं. एकसष्ट पट्ट्या, आवाज सहा. म्हणजे एका वेळी सहाच स्वर वाजणार. परदेशी निघालेल्या एका वादकाकडून अण्णांनी तो हप्त्यानं घेतला होता. तीस-पस्तीस वर्षं त्या यंत्रानं त्यांचं घर चालवलं.

गेल्या वर्षी नातवाच्या कॉलेजची फी भरायची वेळ आली आणि अण्णांनी यंत्र विकायला काढलं. एक व्यापारी येऊन बघून गेला. यंत्रात खोट होती तरी त्यानं अशी रक्कम सांगितली की चाळीतल्या लोकांचा विश्वास बसेना. जुन्या अ‍ॅनालॉग यंत्रांना आता सोन्याचा भाव आहे. मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, देण्याआधी तीन रात्री यंत्र माझ्याकडं द्या. त्याचा आवाज मी लॅपटॉपमध्ये ठेवून घेतो."

अण्णा म्हणाले, "आवाज ठेवून घेतोस म्हणजे काय रे? आवाज काय गोणीत भरतात?"

भरतात. ते कसं, ते आधी सांगतो. कारण आपल्यातली पोरं रोज हे वापरतात आणि आत काय चाललंय ते कुणाला ठाऊक नसतं. एट-ओ-एट टाक, म्हणतात. एट-ओ-एट म्हणजे काय, विचारलं तर म्हणतात, तो बेस रे, छातीत बसतो तो.

तर ऐका. रोलँडनं १९८० साली टीआर-८०८ नावाचं ठेक्याचं यंत्र काढलं. त्यात कुठल्याही ढोलाचं रेकॉर्डिंग नव्हतं. नुसती विजेची सर्किटं. विजेचा झटका द्यायचा आणि सर्किट घुमतं. ते घुमणं म्हणजे त्याचा ढोल. त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर लिन या माणसानं एलएम-१ काढलं. त्यात खऱ्या ड्रमचे आवाज आकड्यांत साठवलेले होते. किंमत पाच हजार डॉलरच्या आसपास. ८०८ बाराशे डॉलरला. शहाणे लोक म्हणाले, ८०८ हा ड्रमच नव्हे, खेळणं आहे. साधारण बारा हजार नग काढून १९८३ साली कंपनीनं ते बंद केलं. रोलँडचे संस्थापक काकेहाशी यांनी पुढं सांगितलं की त्या यंत्रात मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरले होते. कारखान्यानं नापास केलेला माल. त्या खोटीतूनच तो सळसळणारा आवाज निघायचा. पुढं ट्रान्झिस्टरचं उत्पादन सुधारलं, खोटा माल मिळेना, आणि ते यंत्र पुन्हा काढणं शक्य राहिलं नाही.

नापास मालातून निघालेला आवाज! दोस्तहो, या वाक्यावर मी गोदीतल्या जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास विचार करत बसलो होतो.

मग ही यंत्रं सेकंड हँड बाजारात स्वस्त झाली. कुणी घेतली? न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइटच्या काळ्या पोरांनी. स्टुडिओ परवडत नव्हता, वादकांची टोळी परवडत नव्हती. १९८२ साली आफ्रिका बंबाटाचं 'प्लॅनेट रॉक' आलं. ठेका ८०८ चा. रोलँडचंच टीबी-३०३ हे बेसचं यंत्र १९८१ साली आलं आणि तीन वर्षांत बंद पडलं. बेस गिटारची नक्कल करायला काढलं होतं, नक्कल काही जमली नाही. शिकागोतल्या फ्यूचर नावाच्या तीन पोरांच्या गटानं त्याची बटणं गाणं चालू असतानाच पिळायला सुरुवात केली. आवाज कण्हायला लागला, किंचाळायला लागला. १९८७ साली 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड निघाली आणि त्यावरून एका अख्ख्या संगीताला नाव पडलं.

आणि त्याच्या पाच वर्षं आधी आपल्या मुंबईत काय झालं? चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणारा स्टुडिओतला वादक. त्यानं ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही तीनच यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. १९८२ ची रेकॉर्ड. ती चालली नाही. २०१० साली परदेशात ती पुन्हा निघाली, तेव्हा जगाच्या कानात पाणी गेलं. अरे, हा आवाज मुंबईच्या माणसानं आधीच काढला होता! मग म्हातारपणी त्याला युरोपात कार्यक्रम मिळाले. २०१५ साली मुंबईतच तो वारला. स्टुडिओत वाजवणाऱ्याचं नाव उशिरा निघतं. बहुतेकांचं तर निघतच नाही.

तर मुद्दा असा. बारा हजार ८०८ जगाला कसे पुरणार? आज जे एट-ओ-एट तुम्ही ऐकता ते बहुतेक सगळं सॅम्पल आहे. कुणीतरी कधीतरी खऱ्या यंत्राची पट्टी दाबली, त्याचं रेकॉर्डिंग केलं, आणि ते रेकॉर्डिंग जगभर फिरतंय.

आता सॅम्पल म्हणजे काय ते सांगतो. साठ-सत्तरच्या दशकात मेलोट्रॉन नावाचा बाजा होता. त्यात प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा. पट्टी दाबली की तेवढी टेप सरकणार, आठेक सेकंद वाजणार आणि संपणार. सोडली की टेप मागं. सॅम्पलर म्हणजे तेच. फक्त टेपच्या जागी आकडे. एका सेकंदाचे ४४,१०० तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला आवाज किती वर-खाली आहे त्याचा आकडा लिहायचा. १९७९ साली ऑस्ट्रेलियात फेअरलाइट नावाचं असं यंत्र निघालं. ते एखाद्या घराच्या किमतीला पडायचं. आज ते काम माझा सेकंड हँड लॅपटॉप करतो. सॉफ्टवेअरही चोरायची गरज नाही. आवाज घ्यायला, कापायला ऑडॅसिटी फुकट आहे. गाणं बांधायला एलएमएमएस फुकट आहे. कुठल्या पट्टीला कुठलं सॅम्पल वाजवायचं ते एसएफझेड नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिता येतं. मी ती फाइल हातानं लिहिली. कवितेपेक्षा सोपी आहे. यमक जुळवावं लागत नाही.

आता त्या तीन रात्री.

पहिल्या रात्री पाळी संपवून आलो, यंत्र गादीवर ठेवलं आणि वाजवून बघितलं. मधेच एखादा स्वर वाजेच ना. या ज्युनोच्या सहा आवाजांची प्रत्येकी एक चिप असते. तिच्यावर राळेसारखा लेप असतो, आणि वर्षं गेली की त्या लेपापायी चिप मरते. हा ज्युनोचा जगभरातला प्रसिद्ध आजार. ट्रान्सपोजचं बटण दाबून धरून यंत्र चालू केलं की तपासणीची सोय लागते. मग कितवा आवाज वाजतोय त्याचा आकडा दिसतो. तसं बघितलं. दोन नंबरचा मुका. पाच नंबरचा खरखरतोय. सहातले चार जिवंत. अण्णा म्हणाले, "गेली आठ वर्षं असाच वाजवतोय. कुठला स्वर पडणार ते माझ्या बोटांना कळतं. तिथं मी दुसऱ्या हातानं भरून काढतो."

सॅम्पल करण्याचा पहिला फायदा इथं कळला. मुका आणि खरखरणारा आवाज टाकून द्यायचा, चार जिवंत तेवढे घ्यायचे. आणि चारही घ्यायचे, एक घेऊन भागत नाही. कारण चारही थोडे थोडे वेगळे बोलतात. प्रत्येक चिपचा फिल्टर आपल्या जागी किंचित हललेला. सॅम्पलरला सांगायचं, पट्टी पहिल्यांदा दाबली की पहिला वाजव, दुसऱ्यांदा दुसरा, मग तिसरा, मग चौथा. असं फिरवलं नाही आणि एकच सॅम्पल परत परत वाजलं की बंदूक चालल्यासारखं ठोठो ऐकू येतं. पोरं त्याला मशीनगन म्हणतात. बरोबरच आहे. दोन माणसं एकच गोणी दोन तऱ्हेनं उचलतात, एकाच्याच फोटोच्या वीस कॉप्या काढल्या तर ती टोळी दिसत नाही.

दुसरं. एकसष्टच्या एकसष्ट पट्ट्या घ्यायच्या की काही सोडायच्या? सॅम्पल वरच्या सुरात वाजवलं की ते जलद होतं. एक सप्तक वर नेलं की निम्म्या वेळात संपतं, आणि माणसाचा आवाज असेल तर खारीसारखा चिवचिवतो. म्हणून मी दर तिसरी पट्टी घेतली. म्हणजे कुठल्याही सॅम्पलला जास्तीत जास्त अर्धा सूर वर किंवा खाली ताणावं लागतं. अर्ध्या सुराला वेगात साधारण सहा टक्के फरक पडतो. तेवढा कान सोडून देतो. हिशेब असा : एकवीस पट्ट्या, प्रत्येकीचे चार आवाज, म्हणजे चौऱ्याऐंशी सॅम्पल. प्रत्येकी दहा सेकंद. चौदा मिनिटं झाली. एका टोनला २४ बिटमध्ये, मोनो, सुमारे ११० एमबी. दहा टोन घ्यायचे ठरवले. नुसता आवाजच दोन तास वीस मिनिटांचा. मधे भाजीवाला ओरडला, कुणाच्या घरी कुकरची शिट्टी झाली, ते वेगळं. तसं ते वायरीनं आत येत नाही, पण माझी एकाग्रता मोडते ना.

तिसरं, आणि इथं मी चुकलो होतो. पहिल्या रात्री मी कोरसचं बटण दाबून सगळं रेकॉर्ड केलं. ज्युनोचा कोरस मोठा गोड. एका साध्या स्वराला पसरवून दोन्ही कानांत घोळवतो. ऐकताना वाटलं, वा! मग पाच स्वरांचा कॉर्ड लावला तर नुसता चिखल. का? यंत्रात सगळे आवाज आधी एकत्र होतात आणि मग शेवटी एकाच कोरसमधून जातात. माझ्या सॅम्पलमध्ये प्रत्येक स्वराला चिकटलेला त्याचा त्याचा कोरस. पाच स्वर, पाच कोरस. आणि त्या कोरसची जी सूं असते तीही पाचपट. दुसऱ्या रात्री ते सगळं पुसलं आणि कोरस बंद करून कोरडा आवाज घेतला. कोरस नंतर लॅपटॉपमध्ये शेवटी एकदाच लावायचा.

तसंच फिल्टरचं. फिल्टर अर्धा मिटवून रेकॉर्ड केलं तर जो तेजपणा कापला गेला तो परत येत नाही. म्हणून फिल्टर उघडा ठेवून घ्यायचं, आणि मिटवायचं काम सॅम्पलरच्या फिल्टरवर सोपवायचं. पण सॅम्पलरचा फिल्टर ज्युनोचा नसतो. त्यामुळं मी काही टोन तीन तऱ्हेनं घेतले. उघडा, अर्धा, मिटलेला. एकातून दुसऱ्यात जाताना सांधा दिसतो. खोटं कशाला बोलू? दिसतो.

आणि जे हलतं ते गोठतं. आवाज लहरत असेल तर ती लहर सॅम्पलमध्ये भाजून निघते. वरच्या पट्टीला ताणलं की लहरही जलद, खालच्या पट्टीला संथ. म्हणून लहर बंद ठेवून घ्यायचं, ती नंतर लावायची. स्वर लांबवायचा असेल तर मधला तुकडा फिरता ठेवावा लागतो, त्याला लूप म्हणतात. लाट जिथं सुरू झाली तिथंच ती मिळाली पाहिजे, नाही तर प्रत्येक फेरीला टक् वाजतं. एका टोनचे लूप लावायला मला एक अख्खा रविवार गेला.

हे सगळं एवढं खोलात का सांगतोय? कारण तुमच्यातले निम्मे म्हणतात, सॅम्पल म्हणजे आळशाचं काम. आणि दुसरे निम्मे म्हणतात, सॅम्पल म्हणजे हुबेहूब यंत्र. दोन्ही थापा. त्यात कष्ट आहेत आणि त्यात उणीवही आहे. सॅम्पल म्हणजे यंत्राचे फोटो. हजारभर फोटो काढले तर माणूस ओळखू येतो. पण फोटोतला माणूस उठून चालत नाही.

मग काही श्रीमंत लोक आहेत. ते म्हणतात, खरं अ‍ॅनालॉग ते खरं, बाकी सगळं नकली. एका स्टुडिओत मी माझे सॅम्पल घेऊन गेलो होतो. नाव सांगत नाही. तिथल्या साहेबानं हेडफोनसुद्धा लावला नाही. म्हणाला, "ओरिजिनल मशीन आहे का? नाही? मग यात काय ऐकायचं?" च्यायला, म्हणजे आवाजातही सोवळं-ओवळं! ज्या ८०८ ला तुमच्या बापजाद्यांनी खेळणं म्हणून हिणवलं, तेच आज काचेच्या कपाटात ठेवून आम्हाला शुद्धतेच्या गोष्टी सांगता? शिकागोच्या पोरांकडं ती यंत्रं होती, कारण ती कुणालाच नको होती. आज ती सगळ्यांना हवी आहेत, म्हणून आमच्याकडं नाहीत. आमच्याकडं सॅम्पल आहेत. आम्ही सॅम्पलवरच गाणी करू. ऐकणाऱ्याच्या छातीत ठेका बसला की तो पावती मागत नाही.

इथवर माझं बरोबर होतं. आता चुकलेलं सांगतो.

तिसऱ्या रात्री काम संपलं. सकाळी यंत्र जाणार होतं. अण्णा आले, म्हणाले, "एकदा वाजवतो." वीसेक मिनिटं वाजवत बसले. जुन्या कार्यक्रमांतले तुकडे, मधेच काहीतरी स्वतःचं. मुका स्वर आला की डावा हात पटकन भरून काढायचा, त्या भरून काढण्यातून एक लंगडी लय तयार व्हायची. काय सांगू तुम्हाला! माझं रेकॉर्डिंग चालूच होतं. मी बंद केलं नाही. त्यांना सांगितलंही नाही.

यंत्र गेलं. महिन्याभरानं आमच्या गटाचं गाणं तयार झालं. मी शब्द लिहिलेले, ठेका ८०८ चा, स्वर ज्युनोचे. पण गाण्यात जीव येईना. मग मी अण्णांच्या त्या वीस मिनिटांतला आठ सेकंदांचा तुकडा कापला, ठेक्यावर बसवला आणि फिरता ठेवला. गाणं उभं राहिलं. नाक्यावरच्या कार्यक्रमात मोठ्या स्पीकरवर वाजलं. पोरं नाचली. दोन सुपाऱ्या मिळाल्या. पैसे आम्ही चौघांनी वाटून घेतले.

दुसऱ्या दिवशी अण्णा जिन्यात भेटले. रागावले नाहीत. म्हणाले, "गाणं चांगलं झालंय पोरा. तो तुकडा माझा आहे ना?"

मी म्हटलं, "अण्णा, सॅम्पल तर तुम्हीच घ्यायला सांगितले होते."

ते म्हणाले, "मी तुला यंत्र दिलं होतं. हात दिला नव्हता."

दोस्तहो, मुकादमानं शिव्या घातल्या तर मी उलट बोलतो. या वाक्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. म्हणून ते तुमच्यापुढं ठेवतोय.

या वाक्यात सगळा विषय आहे. एक पट्टी दाबली, यंत्राचा आवाज निघाला, तो मी साठवला. तो आवाज विजेचा आहे, सर्किटचा आहे. सर्किट बनवणाऱ्याला त्याचे पैसे यंत्र विकलं तेव्हाच मिळाले. पण आठ सेकंदांचा वाजवलेला तुकडा हा यंत्राचा आवाज नाही. त्यात माणसाची तीस-पस्तीस वर्षं आहेत. मुक्या स्वराला चुकवायची त्याची युक्ती आहे. ते काम आहे. आणि कामाची मजुरी असते, हे आम्हाला कुणी दुसऱ्यानं शिकवायचं का?

अमेरिकेतली गोष्ट सांगतो. १९६९ साली द विन्स्टन्स या गटाची 'आमेन, ब्रदर' ही रेकॉर्ड निघाली. तिच्यात ग्रेगरी कोलमन या काळ्या ड्रमरनं सहा-सात सेकंद एकट्यानं ठेका वाजवला. चार आवर्तनं फक्त. सॅम्पलर स्वस्त झाले तसा तो तुकडा लोकांनी कापला आणि हजारो गाण्यांत वापरला. इंग्लंडचं जंगल नावाचं अख्खं संगीत त्या चार आवर्तनांवर उभं आहे. कोलमनला काय मिळालं? काही नाही. २००६ साली तो वारला तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं. गटाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर, त्यालाही कधी रॉयल्टी मिळाली नाही. २०१५ साली इंग्लंडमधल्या लोकांनी वर्गणी काढून त्याला चोवीस हजार पौंड दिले. वर्गणी! मजुरी नाही, वर्गणी. आणि तोवर कोलमनला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

आणि ज्यांनी तो तुकडा कापला ते कोण होते? बरेचसे आपल्यासारखेच. गरीब वस्त्यांतले, खिशात पैसे नसलेले. तेव्हा 'आम्ही गरीब, आम्ही कुणाला लुटणार?' असं म्हणून सुटता येत नाही. गरीब माणूस गरिबाची मजुरी बुडवू शकतो. मी बुडवली. चार जणांत वाटली आणि पाचव्याला विसरलो.

कायद्याचंही थोडं सांगतो, म्हणजे उद्या कुणी अडचणीत यायला नको. आपल्याकडं १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते काढणाऱ्या निर्मात्याकडं असतो, साठ वर्षं. म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डमधून तुकडा कापलात तर परवानगी लागते. वाजवणाऱ्याचा हक्क कायद्यात आला १९९४ च्या दुरुस्तीनं, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं तो बळकट झाला. तोवर वादक म्हणजे स्टुडिओतलं फर्निचर. स्वतःच्या अ‍ॅनालॉग यंत्राची पट्टी दाबून स्वतः रेकॉर्ड केलंत, तर तुम्ही कुणाच्या रेकॉर्डिंगला हात लावलेला नसतो. पण १९८८ च्या कोर्ग एम-१ सारखी जी यंत्रं आहेत, त्यांच्या पोटात आधीच कंपनीचे सॅम्पल भरलेले असतात. ते काढून स्वतःच्या नावानं विकणं म्हणजे भानगड. आणि विकत किंवा फुकट मिळालेले सॅम्पल गाण्यात वापरायची मुभा बहुधा असते, पण तेच सॅम्पल सुटे विकायची नसते. सोबतचा कागद वाचत जा. आपण कागद न वाचता अंगठे उठवणाऱ्यांची नातवंडं आहोत. आता वाचता येतंय तर वाचूया.

पण कायदा एवढंच सांगतो की पकडलं कधी जाशील. बरोबर काय ते कायद्यात नाही. अण्णांनी माझ्यावर केस केली नसती. ते जिन्यानं वर निघून गेले असते आणि मी मजेत गाणं वाजवत राहिलो असतो. लुटणाऱ्याला हीच तर सोय असते. ज्याला लुटायचं तो भांडायला येत नाही.

मी काय केलं ते सांगतो. मोठं काही केलं नाही. चौघांना बसवलं, दोन्ही सुपाऱ्यांचे पैसे परत काढले, पाच वाटे केले. एकजण कुरकुरला. म्हणाला, आठच सेकंद तर आहेत. मी म्हटलं, मग काढून टाक ते आठ सेकंद आणि वाजव गाणं. तो गप्प बसला. पाचवा वाटा घेऊन अण्णांकडं गेलो. त्यांनी पैसे मोजले. मला बरं वाटलं. मोठेपणानं 'राहू दे रे' म्हणाले असते तर मी मेलो असतो. मजुरी मोजूनच घ्यायची असते.

मग मी त्यांना लॅपटॉपवर त्यांचा ज्युनो लावून दिला. स्वस्तातला छोटा कीबोर्ड जोडला, सॅम्पल चालू केले. अण्णांनी वाजवलं. म्हणाले, "आवाज तोच आहे रे." थोडं वाजवून थांबले. "पण याच्यात स्वर पडत नाही. डावा हात बेकार झाला." आणि हसायला लागले.

त्यावर मी एक उद्योग केला. एसएफझेडच्या फाइलीत फेऱ्या चाराच्या सहा केल्या. दुसरी फेरी रिकामी ठेवली, मुकी. पाचवीत तो खरखरणारा आवाज, तोही मी कचऱ्यातून परत आणला. म्हणजे एकच पट्टी परत परत दाबली की दुसऱ्या खेपेला आवाज नाही, पाचव्या खेपेला खरखर. जुन्या यंत्रात सहाही आवाज मिळून फिरायचे, इथं प्रत्येक पट्टी आपल्यापुरती फिरते. त्यामुळं स्वर नेमका जुन्याच जागी पडत नाही. पण पडतो. आता अण्णा दर रविवारी येऊन तासभर वाजवतात. डावा हात नवीन खाचखळगे शिकतोय. आणि आता रेकॉर्डिंग चालू करण्याआधी मी विचारतो.

दोस्तहो, जाता जाता कामाचं बोलतो. या शिबिरात जी पोरं गाणी करतात त्यांनी एक सामाईक आवाजघर करावं असं माझं म्हणणं आहे. ज्याच्या घरी, ज्याच्या बँजो पार्टीत जुनं यंत्र पडलंय, मोडकं असलं तरी चालेल, ते विकण्याआधी, भंगारात घालण्याआधी त्याचे आवाज घेऊया. घ्यायचं कसं ते मी शिकवतो. कोरडं घ्या, फिल्टर उघडा ठेवा, प्रत्येक स्वर तीन-चार वेळा घ्या, खोट असेल तर तीही घ्या. हे यंत्राचे आवाज सगळ्यांचे. त्यावर कुणी मालकी सांगायची नाही आणि ते कुणी विकायचे नाहीत.

पण ढोलकी, हलगी, पेटी, बँजो, अण्णांचा डावा हात, जे जे माणसानं वाजवलंय, त्याच्या प्रत्येक तुकड्याबरोबर एक साधी मजकुराची फाइल ठेवायची. वाजवणारा कोण, कधी वाजवलं, विचारलं होतं की नाही, आणि पैसे आले तर त्याचा वाटा किती. चार ओळींची फाइल. पेनड्राइव्हच्या कोपऱ्यातसुद्धा मावते. ती नसेल तर तो तुकडा आवाजघरात घ्यायचा नाही, मग तो कितीही झकास असो.

आपण रोज ओरडतो की आमच्या घामावर दुसऱ्यांनी इमले बांधले. बरोबरच ओरडतो. मग आपलं पहिलं गाणं तरी कुणाच्या न विचारलेल्या घामावर बांधलेलं नसावं. एवढंच मला कळलं, जिन्यात उभं राहून.

माझी रात्रपाळी आहे. निघतो. ज्यांच्याकडं जुनी यंत्रं आहेत त्यांनी बाहेर नावं लिहून द्या.